हक्क तुझा, चावी माझी

नगराळे वकिलांकडे गाडीवर गेलेला पक्षकार परत येताना पायी यायचा. वर्धेच्या कोर्टात हे सगळ्यांना माहीत होतं. ऑटोवाल्यांना तर इतकं पक्कं माहीत होतं, की आमच्या टेबलासमोर कोणी हात जोडून उभा दिसला की एक ऑटो हळूच फाटकाशी येऊन थांबायचा.

आमचं टेबल म्हणजे नगराळे वकील आणि मी, दोघांचं मिळून एक. कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली. सतरा वर्षं आम्ही ते वाटून घेतलं. मी पोटगी, घटस्फोट, नवरा-बायकोची भांडणं बघते. ते फौजदारी बघायचे. खुर्च्या चार, त्यातली एक मोडकी. ती ते खास विरुद्ध बाजूच्या वकिलासाठी राखून ठेवत. मे महिन्यात इथे झाडावरचे पक्षी धापा टाकतात, तेव्हाही हा माणूस काळ्या कोटात. मी म्हणायची, "अहो, काढा तो कोट, उष्माघात होईल." तर म्हणायचे, "बाई, कोट काढला का वकील संपला. मंग खाली नुसता नगराळे उरते. त्याले कोन विचारते?" चहात गोरसपाक, म्हणजे आमच्या वर्ध्याचं खुसखुशीत बिस्कीट, बुडवून खायची सवय. तुकडा कपात पडला की न्यायाधीशांनी जामीन नाकारल्यासारखा चेहरा करायचे आणि चमच्याने काढून तरी खायचेच.

आता चावीचं सांगते. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाहेरचे लोक हे ऐकून आधी आदराने बघतात आणि दोन दिवस राहिले की हसायला लागतात. ज्याला प्यायची तो नदी ओलांडतो. पूल गेला की दुसरा जिल्हा, आणि दुसऱ्या जिल्ह्यात पहिल्याच वळणावर बार. "भाऊ कुठे गेले?" असं विचारल्यावर घरच्या बाईने "नदीपलीकडे" म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. जाताना काही अडचण नाही. परत यायला गाडी चालवावी लागते, आणि आमच्या बाजूला पोलीस फुंकायचं मशीन घेऊन उभे. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस प्यायला की झोपतो. आमचा माणूस प्यायला की तीस किलोमीटर गाडी चालवतो. त्यामुळे नगराळे वकिलांना कामाची कधी कमी पडली नाही.

पक्षकार आला की पहिला प्रश्न ठरलेला. "किती घेतलती?"

"दोनच जी."

"वर्धा जिल्ह्यात सारेच दोन घेतात. मंग उरलेली बाटली कोन पेते, म्हैस?"

मग त्याला उभं करायचे. वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या तोंडापुढे धरायचे आणि शिकवणी सुरू. "आता मी हवालदार. गाडी बाजूले घे. कागद दाखव. हात जोडू नको, हात उगारू नको, अन् आमदाराचं नाव घेऊ नको. फुकाले नाई म्हनू नको, पन नवी नळी मागजो. पाकीट तुह्यासमोर फोडलं पायजे. आकडा छापून आला का वाचजो, मंग सही. अटक केली तर दोन तासांत डाक्टरापुढे उभं करा लागते. नाई केलं तर सोडा लागते. घरी फोन कराचा तुले हक्क हाय." पक्षकार मान डोलवायचा. सगळं पाठ म्हणवून घेतल्यावर नगराळे वकील तळहात पुढे करायचे. "हक्क तुझा, चावी माझी. आन इकडे."

तीन महिने. केस जिंकली तरी तीन महिने, हरली तरी तीन महिने. चावी दिली नाही तर वकीलपत्र नाही. त्यांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून खिळे ठोकलेले होते आणि त्यांवर मोटारसायकलींच्या, जीपच्या चाव्या लटकत, एकदा तर एका ट्रॅक्टरचीही चावी लटकत होती. माणूस कुरकुर करायचा, शिव्याही द्यायचा, पण चावी द्यायचा. कारण उलटतपासणीत नगराळे वकिलांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

ती उलटतपासणी मी एकदा सगळी कामं सोडून बसून ऐकली. साक्षीला राऊत हवालदार. नदीवरच्या एका पुलाशी त्यांची ड्यूटी असायची. कोणता पूल ते सांगत नाही, माणूस अजून नोकरीत आहे आणि चांगला आहे. कोर्टात नगराळे वकील शुद्ध पुस्तकी मराठी बोलत.

"हवालदार, त्या दिवशी किती जणांची तपासणी केलीत?"

"अकरा."

"नळ्या किती वापरल्या?"

राऊत छताकडे बघायला लागले. "एक. पण दर वेळी पुसून घेतली, साहेब."

"कशाने?"

"रुमालाने."

"रुमाल नवा होता का?"

इथे न्यायाधीश मॅडमनीच आपला रुमाल तोंडाला लावला. आरोपी सुटला. टायरचं दुकान होतं त्याचं. बाहेर येऊन त्याने वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आता सुटलो न मी? मंग चावी..."

"तू कायद्यातून सुटला. माह्यातून सुटाले अजून चाळीस दिवस हाय."

राऊत हवालदार बाजूने तोंड पाडून चालले होते. त्यांना थांबवून नगराळे वकिलांनी बसवलं, मोडक्या नव्हे, चांगल्या खुर्चीवर, आणि चहा पाजला. "राऊत, तू चुकला म्हणून मी जिंकलो. तू नीट काम कर, मले हरव. मले लय आनंद होईन." राऊतांना हे टोमणे वाटले. पुढे दोघांचं जमलं, तरी कोर्टात राऊत त्यांना बघून घाम पुसायचेच.

ह्या चाव्यांचे किस्से किती सांगू! सिंदी मेघे गावच्या एका मास्तरांची बायको तीन महिने भरल्यावर डबाभर चिवडा घेऊन आली. मला वाटलं चावी न्यायला आली. तर म्हणते, "साहेब, अजून तीन महिने ठेवा न जी. सहा वाजता घरी येतात, पायी चालून साखर उतरली, अन् परवा तर भाजी निवडू लागले." नगराळे वकिलांनी चिवडा घेतला आणि तिला म्हणाले, "ताई, मुदत संपली. बेकायदेशीर मी काई करत नाई." बाईने डबा परत मागितला. खरं सांगते, मागितला! शेवटी मी मध्ये पडून अर्धा अर्धा केला.

मीच एकदा चिडून त्यांना विचारलं होतं, "काहो, लोकांच्या चाव्या ठेवून घ्यायचा हक्क तुम्हाला कोणत्या कलमाने दिला?"

ते नेहमीसारखे उसळले नाहीत. म्हणाले, सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एकाला दोन तासांच्या मुद्द्यावर सोडवलं होतं. डॉक्टर उशिरा आला, पोलिसांची चूक, निर्दोष. आठ दिवसांनी त्याच माणसाने, त्याच गाडीने, पवनारच्या रस्त्यावर सायकलवर भाजी घेऊन येणाऱ्या बाईला उडवलं. बाई वाचली. पाय गेला नाही, पण अधू झाला. "माहा युक्तिवाद बरोबर होता, बाई. आजही तोच करीन. पोलिसानं नियम मोडून कोनाले आत टाकाचं नाई, हे मी मरेपर्यंत बोलीन. पन तो गडी कोर्टातून निघाला तवा मी त्याले पेढा भरवला. दुसरं काई बोललोच नाई." दर रविवारी ते पवनारला जाऊन त्या बाईकडून भाजी आणत. गरज नसली तरी आणत. मायावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "आमच्या घरी सात दिवस मेथी असते, सुनंदाताई. आता मेथीची भीती वाटते."

ह्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. वकील संघाचं अध्यक्षपद. वडील रेल्वे फाटकावर मजूर, ह्यांनी कंदिलाशी बसून कायदा वाचलेला. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, बाररूममध्ये, भिंतीवर अध्यक्षांच्या नावांचा फळा आहे, त्यावर आपलं नाव यावं असं त्यांना वाटे आणि ते लपवायचेही नाहीत. दोनदा उभे राहिले, दोनदा पडले. तिसऱ्या वेळी मात्र सगळं जुळून आलं. समोर एकटे कुकडे वकील, आणि तेही "वडीलधारे आहेत, मी अर्ज मागे घेतो" म्हणाले होते. बिनविरोध! ह्यांनी नवा कोट शिवायला टाकला.

त्याच आठवड्यात नदीपलीकडे त्यांच्या कॉलेजातल्या मित्राच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. दुपारचं. मलाही बोलावणं होतं म्हणून त्यांच्याच गाडीतून गेले. जेवणं झाली, बाया हळदीकुंकवाला बसल्या, आणि मागच्या अंगणात त्यांचे सगळे जुने मित्र जमले. "अध्यक्षसाहेब, आज तरी!" असा गलका मी आतून ऐकला. खिडकीतून पाहिलं तर नगराळे वकिलांच्या हातात ग्लास होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला टोकवलंच नाही.

चार वाजता गाडीपाशी आलो. मी म्हटलं, "मी चालवते."

"काऊन? दोनच घेतले."

जराही न हसता म्हणाले हो! ज्या वाक्याची सतरा वर्षं टिंगल केली तेच वाक्य. आणि मी? हे वाक्य रोज ऐकणारी, कोर्टात लोकांच्या बायकांना "गप्प बसू नका" असं शिकवणारी मी, पदर सावरून शेजारी बसले. तेवढ्यासाठी कशाला मन दुखवा, अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दिवसाचा माझा मलाच अजून राग आहे.

पूल ओलांडला. समोर लोखंडी अडथळे, आणि मशीन घेऊन राऊत हवालदार. पुढे एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी बाजूला घेतलं होतं. विटाभट्टीवरचा माणूस असावा, अंगभर लाल धूळ, डोळे लालभडक. आमची गाडी बघताच राऊतांनी कडक सलाम ठोकला. "साहेबाची गाडी हाय, जाऊ द्या!" अडथळा सरकला. ह्यांना काच खाली करायचीही गरज पडली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

पन्नास पावलं गेलो असू. गाडी थांबली.

"काय झालं?"

"त्यानं मले विचारलंच नाई."

"बरं झालं ना मग!"

"बरं कसं झालं? त्या पोट्ट्याले विचारून राह्यला न." आरशात बघत होते. मागे तो माणूस हात हलवून काहीतरी सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. नगराळे वकिलांनी गाडी बंद केली, चावी काढून माझ्या हातात ठेवली, कोटाची बटणं लावली आणि परत पुलाकडे चालायला लागले.

मी धावले. रस्त्याच्या मधोमध भांडले. म्हटलं, "वेड लागलंय का? चार दिवसांवर अर्ज मागे घ्यायची तारीख, अध्यक्षपद हातात आलंय. कुकडेंना कळलं तर ते अर्ज मागे घेतील का? फळ्यावर नाव हवंय ना तुम्हाला?"

"हवं हाय."

"मग चला परत. त्यांनी सोडलंय, तुम्ही काही पळून गेला नाहीत. कायद्याने तुम्हाला स्वतःविरुद्ध पुरावा देत फिरायची गरज नाही, हे तुम्हीच शिकवलं मला."

"बाई, तुमी माह्या वकील हाय का?"

"आहे!"

"मंग पक्षकाराचं ऐका अन् चूप राहा."

राऊत हवालदारांची अवस्था काय सांगू. "साहेब, कायले मले पापात पाडता? जा न बावा घरी."

"राऊत, नवी नळी काढ. पाकीट समोर फोड. पयले ह्याची घे, हा आधी आलता." मग त्या विटाभट्टीवाल्याकडे वळून, "घाबरू नको. फुक. आकडा आला का वाचजो."

त्याने फुंकलं. शून्य. भट्टीच्या धुराने डोळे तसे झाले होते, दुसरं काही नाही. "म्या केव्हाचं सांगून राह्यलो जी," तो म्हणाला, आणि गेला नाही. पुढे काय होतं ते बघायला तिथेच उभा राहिला.

मग नगराळे वकिलांनी फुंकलं. मशीनने कुर्र आवाज करून चिठ्ठी काढली. राऊतांनी ती वाचली आणि मान खाली घातली. तीसची मर्यादा, आकडा तिच्या बराच वर होता. ह्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, वेळ तपासली, तारीख तपासली, सही केली आणि आपली प्रत मागून घेतली. धूळभरला माणूस माझ्या कानाशी म्हणाला, "कोटवाला पेलेला निघाला अन् मी कोरा! बायकोले सांगतो तं खरं नाई वाटनार."

अटक करून रक्त तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकलेले. नगराळे वकील बाकावर बसून घड्याळ बघत होते आणि राऊतांना हैराण करत होते. "एक तास दहा मिनिटं झाली, राऊत. दोन तास झाले तर मले सोडा लागन. मंग मीच कोर्टात तुले उभा सोलीन." जगात स्वतःच्या सुटकेची एवढी धास्ती घेतलेला आरोपी मी दुसरा पाहिला नाही. राऊत आत जाऊन डॉक्टरांपुढे अक्षरशः हात जोडून आले. रक्त एक तास चाळीस मिनिटांवर घेतलं गेलं, तेव्हा कुठे दोघांचा जीव भांड्यात पडला.

जामिनावर सोडवून परत येताना गाडी मी चालवली. मायावहिनींनी दारातच सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या. "दर पौर्णिमेला विहारात दारू न प्यायचं पाचवं शील सगळ्यात मोठ्या आवाजात कोन म्हणते जी?" नगराळे वकील बूट काढत बसले ते पाच मिनिटं बूटच काढत होते.

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, वकील हवा आहे का. म्हणाले, "नको. वकील सगळ्या पळवाटा सांगतात." दंड झाला, लायसन सहा महिने गेलं. इथपर्यंत मी समजू शकत होते. पण पुढे त्यांनी जे केलं त्याने मी कपाळावर हात मारला. कुकडे वकिलांनी अपेक्षेप्रमाणे अर्ज मागे घेतला नाही, आणि नगराळेंनीही घेतला नाही. उलट मतदारांसाठी चिठ्ठी छापली: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मला शिक्षा झाली आहे, हे माहीत असून मत द्यायचं तर द्या. वर नमस्कार, खाली सही.

मी घरोघर फिरले. अर्धे वकील म्हणाले वेडा आहे, अर्धे म्हणाले असाच अध्यक्ष पाहिजे. मतमोजणीला बाररूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटची चिठ्ठी उघडेपर्यंत बरोबरी होती. शेवटची कुकडेंची निघाली.

एका मताने पडले! मी तिथेच रडले, लाज वाटली नाही. नगराळे वकिलांनी कुकडेंना मिठी मारली, त्यांचा हात धरून स्वतःच्या टेबलाशी आणलं आणि गोरसपाकचं अख्खं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. नवा कोट शिंप्याकडून आला होता, तो घालून दुसऱ्या दिवशी ते सिटी बसने कोर्टात हजर.

मी मात्र विसरले नाही. ते एक मत कोणाचं, ह्याचा मी तपास सुरू केला. जे जे "नगराळेच" म्हणाले होते त्यांची यादी डोक्यात धरली आणि प्रत्येकाकडे संशयाने बघितलं. एका कनिष्ठ वकिलाशी तर चहा बंद केला, कारण तो मतदानाच्या दिवशी माझ्याकडे न बघता गेला होता. वर्षभर नगराळे वकिलांपुढे त्या अज्ञात हरामखोराचा उद्धार केला. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या न, बाई. असन बिचाऱ्याचं काई कारण."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वकिली बंद केली. मुलगी भंडाऱ्याला, तिच्याकडे जायचं ठरलं. कपाटात राहिलेल्या चाव्या ज्याच्या त्याला पोचवल्या. मी आणि राऊत हवालदार त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेलो. वहिनी आधीच आत बसल्या होत्या, मांडीवर मेथीची पिशवी. नगराळे वकील खिडकीशी, कोटात, घामाने निथळत. मी म्हटलं, जाता जाता तरी सांगा, तुम्हाला कोणावर संशय आहे? मी त्याला सोडणार नाही.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली.

"बाई, त्या कनिष्ठ पोराशी चहा सुरू करा," ते खिडकीतून वाकून ओरडले. "त्यानं मलेच दिलं होतं. कुकड्याले मी दिलं."

मी गाडीबरोबर दहा-बारा पावलं धावले. "अहो, का? का पण?"

"उभं राहाचा मले हक्क होता," ते म्हणाले. पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. फक्त त्यांचा हात दिसत होता, चावी मागताना करायचे तसा तळहात पुढे केलेला, आणि शेजारून वहिनी त्यांचं डोकं आत ओढत होत्या. मी स्टँडच्या मधोमध उभी राहून त्यांना मोठ्याने शिव्या दिल्या. राऊत हवालदार शेजारी उभे होते. त्यांनी गाडी वळणाआड जाईपर्यंत सलामाचा हात खाली घेतला नाही.